जठर लहान करण्याची गोष्ट

कळंबा तलावाच्या बांधावर पहाटे फिरायला येणाऱ्यांत निम्मे तरी शिक्षक असतात, असं आम्ही गमतीनं म्हणतो. कोल्हापूर शहराला पाणी मिळावं म्हणून संस्थानी काळात बांधलेला हा तलाव. आता लोक तिथे रक्तातली साखर आणि रक्तदाब उतरवायला येतात. तिथेच आमच्या शाळेतल्या एक बाई मला रोज भेटू लागल्या. त्यांचं नाव देत नाही, पण लिहायला त्यांची परवानगी आहे. उलट "लिहाच" असं त्यांनीच सांगितलं.

बाईंची उंची १५६ सेंटीमीटर आणि वजन तेव्हा १०८ किलो होतं. सहा वर्षांपासून मधुमेह, गुडघे दुखायचे, रात्री घोरताना मध्येच श्वास अडकायचा. चालून आणि ताटातलं निम्मं कमी करून त्यांनी एका वर्षात नऊ किलो उतरवले होते. पुढच्या वर्षात अकरा परत आले. १०८ हा आकडा परत आलेल्यांसह. शिक्षक-खोलीत सल्ल्यांना तोटा नव्हता. भात सोडा, गरम पाणी प्या, तोंडाला कुलूप लावा. बाई हसून ऐकून घ्यायच्या.

एके दिवशी बांधावर थांबून त्या म्हणाल्या, "सर, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून घ्या. तुम्ही विज्ञान शिकवता. पोट लहान करून वजन उतरतं ते कसं, आणि माझ्यासारखीनं ते करावं का, एवढं वाचून सांगा."

मी पुढे महिनाभर वाचत राहिलो. वाटलं होतं, दोन पानांत उत्तर मिळेल. मिळाला तो जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास, आणि त्यात डॉक्टरांना जे वाटलं होतं ते अनेकदा चुकीचं निघालेलं.

अल्सरच्या रुग्णांनी शिकवलेला धडा

२९ जानेवारी १८८१ या दिवशी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदानं एका स्त्रीच्या जठराचा कर्करोग झालेला भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. शस्त्रक्रियेतून ती बाई वाचली; कर्करोगानं काही महिन्यांनी गेली. पण जठराचा तुकडा काढूनही माणूस जेवू शकतो, हे सिद्ध झालं. पुढे पाऊणशे वर्षं जठरातल्या व्रणांवर, म्हणजे अल्सरवर, हाच उपाय जगभर होत राहिला. सीझर रू या स्विस शल्यविशारदानं १८९०च्या दशकात आतड्याची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी रूढ केली. तिचं नाव पुढे पुन्हा येईल.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन हे असे अल्सरचे रुग्ण पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं की जठराचा मोठा भाग काढलेली माणसं बारीक राहतात, वजन वाढवायचं म्हटलं तरी वाढत नाही. इतरांना हा शस्त्रक्रियेचा दोष वाटत होता. मेसन यांनी प्रश्न उलटा विचारला : ज्यांना वजन कमीच करायचं आहे त्यांच्यासाठी हा दोष उपयोगी पडणार नाही का? १९६६ साली त्यांनी जठराचा वरचा थोडा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली आणि १९६७ साली चिकाशी इटो यांच्यासह ती प्रसिद्ध केली. हीच 'गॅस्ट्रिक बायपास'ची सुरुवात. पुढे तिच्यात रू यांची 'वाय' जोडणी आली.

यात एक गंमत आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक अल्सरमागे एक जिवाणू असतो. (२००५ साली त्यांना नोबेल मिळालं.) अल्सर गोळ्यांनी बरा होऊ लागला आणि त्यासाठी जठर कापण्याची गरज जवळपास संपली. ज्या रोगासाठी हे कसब घडलं तो रोग शस्त्रक्रियेच्या हातून निसटला, आणि कसब मात्र दुसऱ्याच कामाला लागलं.

आतडं वगळण्याचा प्रयोग

मेसन यांच्या आधीही प्रयत्न झाले होते, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याच्या कुठल्या भागात काय शोषलं जातं याचे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातूनच कल्पना निघाली : आतड्याचा सुरुवातीचा आणि अगदी शेवटचा तुकडा एकमेकांना जोडून मधला सगळा भाग वगळला तर? माणूस हवं ते खाईल, पण शोषलं जाईल थोडंच. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी सुरुवातीचे सुमारे ३५ आणि शेवटचे सुमारे १० सेंटीमीटर एवढंच आतडं अन्नाच्या वाटेत ठेवलं. सहा मीटरच्या आसपासच्या नळीतले हे जेमतेम अर्धा मीटर!

वजन उतरलं. भरपूर उतरलं. हजारो लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि मग एकेक बिल येऊ लागलं. दिवसातून अनेकदा जुलाब. वगळलेल्या आतड्यात साचलेले जिवाणू, सांधेदुखी, यकृत निकामी होणं. आणि मूत्रपिंडात खडे. हे खडे का होत असावेत, हे वर्गात विचारण्याजोगं कोडं आहे.

पालक, अळू, चहा यांत ऑक्झॅलेट असतं. एरवी आतड्यात ते कॅल्शियमला बिलगतं, न विरघळणारा क्षार बनतो आणि शौचावाटे निघून जातो. (अळूची भाजी खाऊन सगळ्यांना मुतखडा होत नाही, त्याचं हे एक कारण.) आता आतडं तोकडं केल्यावर चरबी शोषली जात नाही. न शोषलेली मेदाम्लं कॅल्शियम पळवतात, जसा जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून फेसाऐवजी साका देतो तसा. ऑक्झॅलेट जोडीदाराविना मोकळं राहतं, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं, तिथून मूत्रपिंडात जातं आणि कॅल्शियमला तिथे गाठतं. खडा होतोच, फक्त नको त्या जागी.

१९८०च्या सुमारास ही शस्त्रक्रिया बंद पडली. अनेकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. मी हा भाग बाईंना सांगितला तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या वेळच्या डॉक्टरांनाही चांगलं वाटलंच असेल ना?" वाटलंच होतं. म्हणून तर कोणत्याही नव्या उपायाबद्दल 'दहा वर्षांनी काय झालं' हा प्रश्न आधी विचारायचा.

मधले टप्पे भराभर सांगतो. १९८०च्या दशकात जठराला टाके आणि पट्टी घालून ते लहान करण्याच्या पद्धती आल्या, आवळता-सैल करता येणारा पट्टाही आला. १९९३-९४मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून, पोटाला पाच-सहा छोटी छिद्रं पाडून, बायपास केला. जाड माणसाच्या पोटावरची मोठी चीर भरून येणं हाच मोठा धोका असे, तो यामुळे खूप कमी झाला. २०००च्या आसपास मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून जठराची बाहेरची फुगीर बाजू कापून केळ्यासारखी नळी ठेवायला सुरुवात झाली. पुष्कळ रुग्णांचं वजन तेवढ्यानंच उतरलं आणि दुसरा टप्पा लागलाच नाही. हीच 'स्लीव्ह', म्हणजे बाहीसारखं जठर. आज जगात सर्वांत जास्त होते ती हीच. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग निघतो, आणि तो परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराची वरची पिशवी उरते १५ ते ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे पाण्याएवढी.

मग भूक कुठे जाते?

इथपर्यंत गोष्ट नळकामासारखी वाटते : टाकी लहान, पाणी कमी. शल्यविशारदांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण एक गोष्ट जमत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, मिनेसोटातच अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीनं आले होते. सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं; वजन सुमारे पाव हिश्श्यानं उतरलं. त्यांना थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, आणि दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार येईना. काही जण पाकशास्त्राची पुस्तकं वाचत बसत. प्रयोग संपल्यावर ते हावरटासारखे खात सुटले, आणि चरबी आधीपेक्षा जास्त चढली. मुळात ही माणसं सडपातळ होती. आळशी किंवा खादाड म्हणण्याची सोय नव्हती. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं, खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, हे या प्रयोगात दिसलं. बाईंचे परत आलेले अकरा किलो याच हिशेबातले.

आता कोडं असं : जठर लहान केलेल्या माणसाचं वजनही तसंच उतरतं, मग तो भुकेनं वेडा का होत नाही? उलट बरेच जण सांगतात, भूकच लागत नाही.

१९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून निघणारं एक संप्रेरक शोधलं, घ्रेलिन. ते जेवणाआधी वाढतं, जेवल्यावर उतरतं. भुकेची घंटाच म्हणा. २००२ साली सिॲटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी दाखवलं की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांत ते २४ टक्क्यांनी वाढलं, आणि बायपास झालेल्यांत मात्र सामान्य वजनाच्या लोकांपेक्षाही खूप कमी होतं. बायपासबाबत पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. पण स्लीव्हमध्ये घ्रेलिन बनवणारा जठराचा भागच निघून जातो. शिवाय दोन्हींत अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ सारखी 'पोट भरलं' असं मेंदूला कळवणारी संप्रेरकं जोरात सुटतात. म्हणजे आपण टाकी लहान करत होतो, आणि नकळत घंटेची तारही बदलत होतो.

याच जीएलपी-१ ची नक्कल करणारी सेमाग्लूटाइडसारखी इंजेक्शनं आता निघाली आहेत. वजन कमी करण्यासाठीची अशी औषधं २०२५मध्ये भारतातही विकायला आली. शस्त्रक्रियेची गरज त्यांमुळे किती उरेल ते पुढे दिसेल. औषध थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, एवढं मात्र चाचण्यांत दिसलं आहे.

मधुमेहाचा भाग तर आणखी नवलाचा. १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीस यांनी बायपास केलेल्या ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा अनुभव मांडला. १४६ जणांना मधुमेह होता. त्यांतल्या १२१ जणांची साखर नॉर्मल झाली. तीही वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच. पोरीस यांनी निबंधाच्या शीर्षकातच, असं होईल हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का, अशा अर्थाचा प्रश्न टाकला होता.

पुण्यातली दोन माणसं आणि कोल्हापूरचा पैलवान

शस्त्रक्रिया कुणाची करायची हे ठरवायला मोजमाप हवं. वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये गुणिले उंची. बाईंचं : १०८ भागिले २.४३, म्हणजे सुमारे ४४. हे सूत्र बेल्जियन गणितज्ञ क्वेतले यांचं, १८३२ सालचं. त्यांना लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हतं, 'सरासरी माणूस' मोजायचा होता. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं १९७२ साली, पुन्हा अँसेल कीज यांनीच. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं : ४०च्या वर असेल, किंवा ३५च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. ही रेषा तीस वर्षं टिकली.

पण हे माप आपल्याकडे दोन बाजूंनी फसवतं. खासबाग मैदानात १९१२पासून कुस्त्या होत आल्या आहेत. तिथला पावणेदोन मीटर उंचीचा, शंभर किलोचा पैलवान घ्या. त्याचा निर्देशांक जवळजवळ ३३ येतो. सूत्र त्याला लठ्ठ म्हणेल, पण ते वजन स्नायूंचं आहे. (तालीम सोडल्यावर खुराक तोच राहिला की काय होतं, हे मात्र कोल्हापूरकरांना सांगायला नको.)

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचाही निर्देशांक बरोबर २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! सारखंच माप, आणि चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिक १९९३पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत होते. आपल्याकडची बाळं वजनानं कमी जन्मतात, पण त्यांच्यात कमतरता असते ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्या मानानं शाबूत असते. म्हणून भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून 'जाड' असतो आणि त्याला मधुमेह लवकर गाठतो. यामुळे आशियाई लोकांसाठी रेषा खाली आणल्या गेल्या. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची रेषा २७.५ पर्यंत उतरली आहे. ही रेषा अशी उतरत गेली की रुग्णांची संख्या वाढते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा धंदाही, हे डोळ्याआड करू नये. पण त्यामागचं याज्ञिकांचं निरीक्षण खरं आहे.

२०१० साली पुण्याच्या शशांक शाह, जयश्री तोडकर आणि सहकाऱ्यांनी निर्देशांक २२ ते ३५ एवढाच असलेल्या १५ मधुमेही रुग्णांवर बायपास केल्याचं प्रसिद्ध केलं; कमिंग्ज त्यांच्याबरोबर होते. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं थांबली. निष्कर्ष लक्षवेधी आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकानं लगेच मोजावं : माणसं पंधरा, पाठपुरावा महिन्यांचा, तुलनेला दुसरा गट नाही.

मोठा आणि लांब पल्ल्याचा अभ्यास स्वीडनचा. १९८७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले आणि तितकेच न झालेले. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, कारण त्या काळात शस्त्रक्रियेतच बरेच मृत्यू होत आणि नीतिसमितीनं तसं करायला नकार दिला. तेवढी उणीव धरूनही आकडे बोलके आहेत. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळच्यापेक्षा २५ टक्के कमी, पट्टावाल्यांचं सुमारे १४ टक्के, दुसऱ्या गटाचं होतं तिथेच. मृत्यूही कमी. मधुमेह दोन वर्षांनी ७२ टक्क्यांत गेलेला दिसला, पण दहा वर्षांनी ३६ टक्क्यांत. म्हणजे निम्म्यांचा परत आला. जाहिरातीत पहिला आकडा असतो; दुसरा मी बाईंना वहीत लिहून दिला.

धोक्याचाही आकडा दिला. अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या २००९ सालच्या नोंदीत पहिल्या तीस दिवसांत हजारी तीन मृत्यू होते. शंभरात सुमारे चौघांना मोठी गुंतागुंत झाली होती.

इमान अहमद, मुंबई, २०१७

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली ती दोन घटनांनी. २०११ साली नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली आणि पुढे त्याबद्दल उघडपणे बोलले. दुसरी इमान अहमद हिची. ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची ही छत्तीस वर्षांची बाई, वजन सुमारे पाचशे किलो सांगितलं जात होतं. कित्येक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. फेब्रुवारी २०१७मध्ये तिला मालवाहू विमानानं मुंबईला आणलं, क्रेननं सैफी रुग्णालयात चढवलं. ७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकानं तिच्यावर स्लीव्ह केली. वजन किती उतरलं यावरून रुग्णालय आणि तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिथे ती वारली.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी तिला 'जगातली सर्वांत जाड बाई' म्हटलं आणि क्रेनचे फोटो छापले. ज्याची बातमी व्हायला हवी होती ते आतल्या पानावर राहिलं. तपासणीत तिच्यात लेप्टिनच्या ग्राहीच्या जनुकात दोष सापडला होता. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं, साठा पुरेसा आहे असं मेंदूला सांगणारं संप्रेरक. ते १९९४ साली सापडलं. इमानच्या मेंदूला हा निरोप कधी मिळतच नव्हता. जन्मभर तिचं शरीर आपण उपाशी आहोत असं समजत होतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूलतेची कारणं दिली आहेत. जास्त खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं यांच्याबरोबर 'बीजस्वभाव' हेही एक कारण दिलं आहे. जुन्या वैद्यांनी जे एका शब्दात सोडलं होतं ते आम्ही शाळेत मात्र विसरतो, आणि कवायतीला मागे राहणाऱ्या मुलाला 'ढोल्या' म्हणून मोकळे होतो. निर्देशांकाचं गणित वर्गात जरूर घ्यावं, पण मुलांना एकामागून एक काट्यावर उभं करून नव्हे. काल्पनिक माणसांची उंची-वजनं फळ्यावर लिहून भागतं.

बाईंची वही

बाईंनी ठरवायला आठ महिने घेतले. पैसे हा प्रश्न होताच. विमा नियामकानं २०१९ साली घातलेल्या अटींप्रमाणे निर्देशांक ४० च्या वर असेल तर लठ्ठपणाचं कारण देऊन दावा सरसकट नाकारता येत नाही. त्याची कागदपत्रं करण्यात दोन महिने गेले. पण खरा अडसर घरचा होता. सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलेलं पोट कापायचं?" नवऱ्यानं विचारलं, "मनावर घेतलंस तर असंच नाही जमणार?" या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी कीजच्या छत्तीस तरुणांची गोष्ट सांगितली. ती उपयोगी पडली, असं त्या म्हणतात.

बायपास होऊन आता चौदा महिने झाले. वजन ७६ आहे. मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत. डॉक्टर 'बरा झाला' म्हणू देत नाहीत, 'दबलाय' म्हणा म्हणतात. रात्री श्वास अडकत नाही. तिसऱ्या महिन्यात केस मुठी-मुठीनं गळले आणि पुढे परत आले. दंडाची कातडी लोंबते, ती तशीच राहणार. ओळखीचे लोक आधी 'कमी करा' म्हणायचे, ते आता 'काय आजार झाला का हो?' असं हळूच विचारतात.

जन्मभराच्या गोळ्या आहेत. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा पहिला भाग चुकवून जातं, आणि लोह तर तिथेच शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्वाला जठरात तयार होणारं एक प्रथिन जोडीला लागतं. ते अन्नाला वेळेवर भेटत नाही, म्हणून बी-१२ चं इंजेक्शन. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर एकमेकींना अडवतात, म्हणून दोन तासांचं अंतर. गुडघ्यासाठी पूर्वी घ्यायच्या त्या वेदनाशामक गोळ्या बंद, कारण नव्या जोडावर व्रण होतो. दारूचा प्रश्न बाईंच्या बाबतीत आला नाही, पण पुरुषांनी लक्षात ठेवावं : बायपासनंतर ती रक्तात फार वेगानं चढते, आणि व्यसन लागण्याचं प्रमाण वाढल्याचं आढळलं आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे आजारानं होणारे मृत्यू घटले, पण अपघात आणि आत्महत्या यांनी होणारे वाढले. मनाची तयारी आणि नंतरची सोबत हा उपचाराचाच भाग आहे, तोंडदेखली सूचना नव्हे.

शाळेत सगळ्यांत अवघड गेली ती मधली सुट्टी. पंचवीस मिनिटांत अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ, तीही प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावून. घाई केली तर घास छातीत अडकतो. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. आधी प्रथिनं, मग भाकरी, भात उरला तर. मटणाचा तुकडा उतरत नाही, पण पांढरा रस्सा चमच्यानं चालतो. मुख्याध्यापकांनी त्यांचा सुट्टीनंतरचा तास दहा मिनिटं उशिरा धरायला परवानगी दिली. ती दहा मिनिटं मी सांभाळतो.

आणि गूळ. कोल्हापुरात राहून गुळाशी वैर घ्यायचं म्हणजे कठीणच. मनुका पाण्यात टाकली की फुगते, हा प्रयोग आपण सातवी-आठवीत दाखवतो. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. जठराचं दार उरलं नाही की गुळाचा किंवा उसाच्या रसाचा दाट लोंढा थेट आतड्यात पडतो. तो आजूबाजूच्या रक्तातलं पाणी ओढून घेतो. पोट तडतडतं, छाती धडधडते, घाम फुटतो. मग साखर एकदम चढते, इन्सुलिन नको तेवढं धावून येतं, आणि दोनेक तासांनी साखर घसरून हातपाय कापतात. मनुकेचा प्रयोग बाई यंदा वर्गात फार मनापासून घेतात, असं मुलं सांगतात.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या एका वहीत खाल्लेलं सगळं लिहितात. संक्रांतीला शाळेत मुलींनी आग्रहानं दिलेली तिळगुळाची एक वडी त्यांनी खाल्ली. त्या दिवसाच्या पानावर नोंद आहे : 'वडी १. अकरा वाजून दहा मिनिटं. घाम, धडधड. वीस मिनिटं आडवी.' खाली दुसऱ्या दिवशीची नोंद : 'वडी पाव, जेवणानंतर. काही झालं नाही.'